चौथी कुर्सी

पुणे,
३ जून २०२४

तीर्थरूप दिनानाथकाकांस,

ऋताचा साष्टांग नमस्कार. फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही आणि मला आता ओरडवत नाही, म्हणून पत्र. बाबा गेल्यावर तुम्हांला लिहायचं राहूनच गेलं, आणि आज लिहिते आहे तेही काम घेऊनच. रागवू नका.

मी नेमकं काय करते हे बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. "आमची पोरगी टीव्ही बघण्यात डॉक्टर झाली," असं ते सगळ्यांना सांगत. तुम्हांला नीट सांगते. पंधराएक वर्षांपूर्वी 'बारह दरवाज़े' नावाची हिंदी मालिका लागायची. अकराशे भाग झाले, मग संपली. बाकीचे विसरले, चाहते विसरले नाहीत. ते जुन्या भागांतले तुकडे कापतात, आपल्याला हवे तसे जोडतात, खाली दुसरं संगीत लावतात आणि मालिकेत कधीच न घडलेली गोष्ट घडवून दाखवतात. इंटरनेटवर असे हजारो व्हिडिओ आहेत. नऊ वर्षं मी त्यांच्यावर पुस्तक लिहिते आहे. सतरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते आहे. डिसेंबरात कायम जागेची मुलाखत आहे, पुस्तक हातात असेल तरच तिथे काही बोलता येईल. वय बघता ही शेवटचीच.

पुस्तकातलं चौथं प्रकरण सगळ्यांत चांगलं आहे. ते एकाच व्यक्तीवर आहे. 'चौथी कुर्सी' या नावानं तिनं बासष्ट व्हिडिओ टाकले आहेत, सगळे त्या मालिकेतल्या छोटी बुआवर. छोटी बुआ म्हणजे घरातली विधवा आत्या. अकराशे भाग ती चहाचा ट्रे घेऊन येते आणि जाते. ही चाहती त्या येण्याजाण्यातून बुआचं अख्खं आयुष्य उभं करते. तुकडे पुढे जातात, मागे येतात, पुन्हा पुढे जातात, असा तिचा एक विचित्र ठेका आहे. आणि प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी बुआ खुर्चीवर बसलेली असते. चार सेकंद. मालिकेत ती कधी बसल्याचं मला तरी आठवत नाही.

अडचण अशी की त्या व्यक्तीची लेखी संमती नसेल तर आमची संशोधन-नैतिकता समिती ते प्रकरण छापू देणार नाही. अकरा निरोप पाठवले, एकाचंही उत्तर नाही. फक्त एका व्हिडिओत तिनं स्वतः काढलेलं एक दृश्य आहे: खिडकीचे गज, त्यातला एक वाकडा, आणि पलीकडे उंच बांबूंवर टांगलेले आकाशदीप. कार्तिकातला पंचगंगा घाट मी लगेच ओळखला. तुमचं घर तिथून हाकेवर. चौकशी कराल का?

काकूंना नमस्कार.

तुमची,
ऋता

*

बालाजी घाट, काशी
१४ जून २०२४

चि. ऋता,

आशीर्वाद. पत्र पोचलं. हात थरथरतो, म्हणून मी सांगतो आणि तुझी काकू लिहिते. बावन्न वर्षांत ती माझं ऐकते ते एवढंच.

इथे उकाड्यानं जीव नकोसा झाला आहे. बिजली दिवसातून चारदा जाते. घाटाच्या पायऱ्या सकाळी आठलाच पाय ठेवू देत नाहीत. अशात तू मला म्हणतेस, गलीत जाऊन खिडक्यांचे गज मोजा. पण तुझ्या बापानं मला कधी नाही म्हटलं नाही, तेव्हा मोजले. वाकड्या गजाच्या खिडक्या पुष्कळ आहेत, मराठी घरं मात्र आता बोटांवर मोजण्याइतकी उरली. आमच्या घराला तशी खिडकी नाही. बाकी बघतो.

तुझं काम ऐकून मला हसू आलं आणि मग आलं नाही. कापायचं आणि मागेपुढे जोडायचं, यात नवं काय? रामघाटावरच्या वेदपाठशाळेत मी चाळीस वर्षं तेच शिकवलं. संहितेची पदं सुटी करायची, मग जटा म्हणायची: पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पुन्हा पहिलं-दुसरं. वेणीसारखं गुंफत जायचं. फरक इतकाच की आम्ही गोष्ट बदलत नाही. अक्षर हललं तर छडी.

मालिका आमच्याकडेही लागायची. तिच्यात घर दाखवत, पण ते घर चालतं कोणाच्या पायांवर, ते दाखवत नसत.

प्रकृती सांभाळ. आमचा आदित्य बँकेत, मजेत आहे.

तुझा,
दिनानाथकाका

*

पुणे,
५ जुलै २०२४

तीर्थरूप काका,

"घर चालतं कोणाच्या पायांवर, ते दाखवत नसत." काका, किती छान लिहिता हो तुम्ही! नऊ वर्षांत मला हे एका वाक्यात मांडता आलं नाही. तुमची परवानगी असेल तर प्रकरणाच्या सुरुवातीला घालते.

जटेचं वाचून गंमत वाटली, पण माझ्या विषयाशी त्याचा संबंध नसावा. ही मुलगी पंचविशीच्या आसपासची आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पुढे-मागे-पुढे हा ठेका मोबाईलवरच्या छोट्या व्हिडिओंतून आलेला. 'चौथी कुर्सी' हे नाव म्हणजे घरातल्या सत्तेच्या रचनेत स्त्रीसाठी न ठेवलेली जागा. यावर मी अकरा पानं लिहिली आहेत. तिचं सगळं काम म्हणजे शिकलेल्या, चिडलेल्या पिढीचा विद्रोह आहे.

सोबत प्रश्नावली पाठवते. व्यक्ती सापडली तर भरून घ्या. नाव नको असेल तर नको.

खरं सांगू, मी दमले आहे. सकाळी दोन कॉलेजं, दुपारी तिसरं, परत आल्यावर समितीची पत्रं. प्रकाशक म्हणतात ऑक्टोबरपर्यंत द्या. रोज वाटतं की सोडून द्यावं, आणि रोज त्या बुआला बसलेली बघितलं की पुन्हा टेबलाशी जाते.

तुमची,
ऋता

*

बालाजी घाट, काशी
२२ जुलै २०२४

चि. ऋता,

आशीर्वाद. गंगा चढते आहे. घाटावरच्या खालच्या मढ्या-घुमट्या बुडाल्या, नाववाले वर आले.

तुझं काम झालं, निदान अर्धं. आमची सून रुची, आदित्यची बायको, तू तिला लग्नात पाहिली असशील. जबलपूरची. घरात मोबाईलमधलं काही कळतं ते तिलाच. तिला तुझे प्रश्न दाखवले. "मैं पूछ लूँगी, बाबा," म्हणाली आणि दोन दिवसांत कागद भरून आणला. कोणाचा, ते सांगत नाही. जसाच्या तसा उतरवायला सांगतो:

वय? 'पूरा हो गया.'
शिक्षण? 'सुन-सुनकर.'
व्यवसाय? 'चाय.'
हे काम करण्यामागची प्रेरणा? 'टाँगें दुखती हैं.'

मी म्हटलं, ही काय थट्टा आहे? ती हसली आणि आत गेली. आता मला विचारशील तर, दुसरी कोणी नाहीच. दिवसभर मोबाईल तिच्याच हातात असतो. हा आमच्या सुनेचाच हात आहे. आदित्यला माहीत नसावं, त्याला असले उद्योग खपत नाहीत. तेव्हा जपून.

तुझा,
दिनानाथकाका

*

पुणे,
२० ऑगस्ट २०२४

तीर्थरूप काका,

तुमचे उपकार कसे फेडू? ती उत्तरं मी वीस वेळा वाचली. काय धारदार उपरोध आहे! व्यवसाय, 'चाय'! पंचविशीतल्या मुलीनं संशोधकाच्या प्रश्नावलीलाच टपली मारली आहे.

मागच्या शनिवारी एका ऑनलाइन चर्चासत्रात या प्रकरणाचा भाग वाचला. थांबायला हवं होतं, पण प्रकाशकांना कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव दिसायला हवं होतं. घाबरू नका, नाव कुठेही घेतलेलं नाही. एवढंच म्हटलं की बालाजी घाटाजवळचं वैदिक परंपरेतलं मराठी घर, नवरा बँकेत, आणि मध्य प्रदेशातून आलेली सून. आमच्या क्षेत्रात इतकं चालतं. लोकांनी फार कौतुक केलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या निबंधाला प्रश्न आले.

संमतीचा कागद सोबत आहे. रुचीची सही घेऊन पाठवा, म्हणजे सुटले.

तुमची,
ऋता

*

बालाजी घाट, काशी
३ सप्टेंबर २०२४

ऋता,

तुझं भाषण इथल्या एका अखबारवाल्यानं ऐकलं. परवा चौथ्या पानावर छापून आलं. नाव नाही, बरोबर. पण या गल्लीत मराठी घरं पाच, त्यांत वेदपाठी दोन, आणि बँकेत जाणारा मुलगा एकाच घरात. पुण्यात बसून तुला हे सुचलं नाही?

बँकेत आदित्यला कोणी म्हणालं, "मैडम आजकल सीरियल काट रही हैं?" घरी येऊन त्यानं तमाशा केला. मीही रुचीला नको ते बोललो. तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. काल ती जबलपूरला गेली. कधी येणार, सांगितलं नाही.

कागदावर सही झालेली नाही.

दिनानाथ

*

बालाजी घाट, काशी
५ सप्टेंबर २०२४

चि. ऋता,

अक्षर ओळखीचं वाटेल. जूनपासून तुला येणारी सगळी पत्रं याच हातानं लिहिली आहेत. आज मात्र सांगणारं कोणी नाही. तुझे काका बिंदुमाधवाच्या देवळात गेले आहेत. हे पत्र माझं.

'चौथी कुर्सी' मी आहे.

लॉकडाऊनात रुचीनं आदित्यचा जुना मोबाईल मला दिला. शिकवलंही तिनंच, कापायचं कसं आणि जोडायचं कसं. मला वाटलं होतं अवघड असेल. पण माझे वडील रामघाटावर पाठशाळा चालवत. बाहेर ओसरीवर मुलगे जटा म्हणत आणि मी आत पोळ्या लाटत असे. पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पहिलं-दुसरं. मला म्हणायची परवानगी नव्हती, पण कानांना कोण अडवणार? मग लग्न होऊन रामघाटावरून बालाजी घाटावर आले, इतकाच माझा प्रवास, आणि इथेही तेच ऐकत आले. हात आपोआप त्याच ठेक्यानं जोडतो. तुझ्या काकांनी तुला ते आपणहून सांगितलं होतं, तू म्हणालीस संबंध नसावा.

दुपारी दोन ते चार ते झोपतात, तेवढाच माझा वेळ.

ऋता, तू या घरी तीनदा आलीस. तीनदा मी चहा आणला. तू म्हणालीस, "काकू, मस्त झालाय," आणि मान पुन्हा काकांकडे वळवलीस. वाकड्या गजाची खिडकी आपल्याच घरात आहे, स्वयंपाकघरात. तू तिथे कधी आली नाहीस. त्यांनी "आमच्या घराला तशी खिडकी नाही" असं सांगितलं, तेव्हा ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच माहीत नाही. मी मुकाट्यानं लिहून घेतलं.

आपल्या टेबलाला चार खुर्च्या आहेत. तीन खुर्च्यांवर ते, आदित्य आणि रुची. चौथीवर जुन्या अखबारांची थप्पी असते. रुची पूर्वी ती उचलायची, पण आदित्य पुन्हा आणून ठेवायचा. मीही काही म्हणायची नाही, कारण वाढायला उठावंच लागतं. त्या नावामागे इतकंच आहे. तू त्याच्यावर अकरा पानं लिहिलीस, मला वाचून कसंसंच झालं.

आणि विद्रोह म्हणशील, तर मला त्यातलं काही कळत नाही. त्या प्रश्नावलीत मी थट्टा केली नव्हती, खरं तेच सांगितलं होतं. माझे पाय दुखतात. त्या बाईला एकदा तरी बसलेली बघायचं होतं. अकराशे भाग शोधले तेव्हा सातशे बाराव्यात सापडली. पुढे नायिका रडते आहे आणि मागे, कॅमेऱ्याचं लक्ष नसताना, ती खुर्चीवर टेकली आहे. चार सेकंद.

आता जे सांगायचं ते. तुझे काका सांगतात ते मी जसंच्या तसं कधीच लिहिलं नाही. रागाचं कापते, विसरलेलं जोडते. पायांचं जे वाक्य तुला आवडलं, ते त्यांचं नव्हतं. पण एक वाक्य मला कापता आलं असतं: 'हा आमच्या सुनेचाच हात आहे.' पेन थांबलं होतं. मी कापलं नाही, कारण माझी सोय झाली होती. वाटलं, पुण्यातली पोरगी, पुस्तकात घालील आणि विसरेल. रुचीवर कोण रागावणार?

मग आदित्य ओरडला, हेही बोलले, आणि रुची माझ्याकडे एकदासुद्धा बघेना, बघितलं तर मी सगळं सांगून टाकेन म्हणून. मी तिथेच ट्रे धरून उभी होते. पोरगी बॅग भरून गेली. मला माझी लाज वाटते.

तुझी चूक मोठी की माझी, हे ठरवत बसायला मला जोर नाही. तू रुचीला लिही. आदित्यला लिही. त्या अखबारवाल्याला सांग की तुला काही माहीत नव्हतं. मी आज संध्याकाळी घरात सांगणार आहे. एकाहत्तराव्या वर्षी नवऱ्याची भीती वाटते म्हटलं तर तू हसशील, पण वाटते.

सही आत्ता देत नाही.

प्रेमलाकाकू

*

पुणे,
२४ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप काकू,

तुम्हांला आयुष्यात पहिल्यांदा पत्र लिहिते आहे, हे वरचा मायना लिहिताना लक्षात आलं. आजवर तुमच्यासाठी शेवटची एक ओळ असायची, 'काकूंना नमस्कार'. नंतरच्या पत्रांत तर तीही राहून गेली.

रुचीला लिहिलं. तिचं एका ओळीचं उत्तर आलं: 'मम्मी ने बता दिया न? बस.' आदित्यलाही लिहिलं, त्याचं उत्तर नाही. चर्चासत्रवाल्यांना भाषण काढून टाकायला लावलं. अखबाराला खुलासा पाठवला, तो त्यांनी जाहिरातीच्या खाली छापला.

चौथं प्रकरण मी पुस्तकातून काढलं आहे. त्याच्याशिवाय ते उभं राहत नाही, प्रकाशकांनाही ते कळलं. म्हणजे डिसेंबरात जागा नाही. हे तुमच्याकडे तक्रार म्हणून सांगत नाही. सगळ्या दुनियेला मी सांगत फिरते की पडद्याच्या कडेला उभ्या बाईकडे बघा, आणि ती माझ्या हातात कप देत होती तेव्हा मी तिच्याकडे बघितलं नाही. यानंतर ते प्रकरण कोणत्या तोंडानं छापू?

तुमचे व्हिडिओ पुन्हा बघितले, सगळे बासष्ट. पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पहिलं-दुसरं. आता ते ऐकू येतं. इतकी वर्षं कुठे होते मी, कोण जाणे. फार दमले आहे, काकू. पण त्या चार सेकंदांशी आले की अजूनही रडू येतं, आणि आता ते कशाचं हे कळतं.

सहीचं मनात आणू नका. तुम्ही घरात सांगितलंत का? काका काय म्हणाले? इतकंच कळवा.

तुमची,
ऋता

*

बालाजी घाट, काशी
२७ ऑक्टोबर २०२४

चि. ऋता,

हे अक्षर माझं आहे. वाचायला त्रास होईल. चार दिवस लागले लिहायला.

प्रेमलानं सांगितलं तेव्हा मी तिच्याशी आठ दिवस बोललो नाही. मग दसऱ्याला रुची परत आली. आदित्य आणायला गेला होता. तिनं मला समोर बसवलं आणि एकेक व्हिडिओ दाखवला. ऐकू काही आलं नाही. पण डोळ्यांना दिसलं. ती जटा आहे. चाळीस वर्षांत माझ्याकडे पुष्कळ मुलं शिकली, इतकी स्वच्छ जटा दोघातिघांचीच होती. तुझ्या काकूची एकही चूक सापडली नाही. मी शोधली.

तिला हे बोलून दाखवता आलं नाही. तुला लिहितो आहे. पोस्टात टाकायला तिच्याच हातात देईन. ती वाचेल.

सोबत सही केलेला कागद आहे. प्रकरण पुन्हा लिही, असं तिनं सांगितलं आहे. वय खरं घालायचं, नाव पूर्ण घालायचं. तू शेवटची म्हणालीस, तरी मुलाखत पुढच्या वर्षीही असेल.

बांबूंवर दिवे चढले आहेत. काल ते स्वयंपाकघरातून पाहिले. गज वाकडा आहे.

आज सकाळी चौथ्या खुर्चीवरचे अखबार उचलले. चहा मी केला, पातळ झाला. ट्रेमधून आणताना निम्मा सांडला. प्रेमला म्हणाली, राहू द्या, मी पुसते. मी म्हटलं, तू बसून राहा.

दिनानाथ